दुपारी बंद पडणारी गाडी

९ एप्रिल

गाडी आज पुन्हा बंद पडली. म्हणजे — रविंद्र म्हणतो, बंद पडली.

अकराला डबा घेऊन निघाला, कामठीला सिंधूताईंकडे. माझ्या थोरल्या जाऊबाई. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, गॅससमोर उभं राहायचं नाही असं डॉक्टरने बजावलंय, म्हणून दुपारचा डबा आमच्याकडून. साडेबाराला त्यांचा फोन — भाऊजी निघाले की नाही अजून? रविंद्रला फोन लावला तर तो इथेच टेबलावर वाजायला लागला! मोबाईल घरी ठेवून स्वारी गेलेली.

घरी आला तेव्हा चार वाजून गेले होते. डोळे लाल, शर्ट पाठीला चिकटलेला. "बंद पडली होती," एवढंच बोलला, तांब्याभर पाणी प्यायला आणि कूलरसमोर आडवा झाला.

पहिल्यांदा झालं तेव्हा मी लगेच मानलं. दुसऱ्यांदाही मानलं. आज मानता मानता थांबले, आणि त्याचंच जास्त वाईट वाटतंय.

(तोंडाने मी कधी त्याचं नाव घेतलं नाही. 'अहो' आणि 'ऐका ना' वर एवढी वर्षं निघाली. वहीत मात्र रविंद्र म्हणते, अरेतुरे करते. ही वही त्याच्या हाती लागायची नाही. लागली तरी चष्मा सापडायचा नाही.)

१० एप्रिल

काल काय झालं ते आज पुण्याहून कळलं. वाह!

समोरच्या गल्लीतल्या गोविंदाने रविंद्रला पाहिलं. ऑटोमोटिव्ह चौकाच्या पुढे, कडुनिंबाखाली, गाडी स्टँडवर आणि हा बाजूला बसलेला. डबा मांडीवर. गोविंदाने विचारलं काका काय झालं, हा म्हणाला चालू होत नाही. गोविंदाने एक किक मारली. एकच. गाडी चालू!

आता गोविंदाने ही बातमी मला सांगावी की नाही? मी समोर राहते. पण त्याने फोन केला पुण्याला, प्रीतमला. तिकडे माझ्या मुलाने तिखटमीठ न लावताच तिखट करून मला सांगितली. "आई, एका किकमधी चालू झाली. बाबा तिथं तासभर बसून होते. त्यायले किक मारनं बी सुचलं नाही काय?"

मग जरा थांबून म्हणाला, "मोठ्या बाबाचं असंच सुरू झालं होतं."

मोठे बाबा म्हणजे गोपाळराव, रविंद्रचे भाऊ, सिंधूताईंचे यजमान. शेवटी शेवटी ते स्वतःच्या दारात उभे राहून विचारायचे, हे घर कोणाचं? सिंधूताई रोज सांगायच्या, तुमचंच. रोज!

मी प्रीतमला म्हटलं, काहीतरीच बोलू नको. फोन ठेवला आणि पोळ्या लाटायला घेतल्या. चार जळल्या.

१२ एप्रिल

अंकुशच्या गॅरेजमध्ये गाडी नेली. मी मुद्दाम सोबत गेले. अंकुशने किक मारली, चालू. बंद केली, मारली, चालू. तरी त्याने प्लग बदलला, कार्बोरेटर उघडून साफ केला. त्याच्याकडे सगळ्या नव्या गाड्या, बटण दाबलं की सुरू होणाऱ्या. आमची चाळीस वर्षांची टू-स्ट्रोक त्याच्यासाठी अजबबंगल्यातली, म्युझियममधली वस्तू.

रविंद्र त्याला समजावत होता — थंड असली की चालते, कामठी रोडवर दुपारी गरम झाली की मरते, थांबलं की पुन्हा चालते. अंकुश मान हलवत होता, माझे नातलग लग्नात हलवतात तशी. रविंद्र हात धुवायला गेला तेव्हा हळूच मला म्हणतो, काकू, गाडीत काहीच नाही. काकाजी पेट्रोलचा कॉक सुरू करायला विसरत असतील, या वयात होते.

तीस वर्षं एसटी चालवली या माणसाने. गडचिरोलीच्या रस्त्यांवर, पावसात, रात्रीबेरात्री. आणि हा कॉक विसरेल!

विसरेल का?

१४ एप्रिल

जयंती. विहारात सकाळपासून. पांढरी साडी, निळा झेंडा, पोरांचा डीजे. सगळ्या बाया विचारत होत्या, काय वं माया, चेहरा काहून असा. म्हटलं ऊन लागलं.

१७ एप्रिल

आज पुन्हा. आज डबा पोचलाच नाही. भाजी आंबली. सिंधूताईंनी शेजारणीकडून दोन पोळ्या मागून घेतल्या आणि वर मलाच म्हणाल्या, भाऊजीले काही बोलू नको वं.

मी बोलले नाही. जेवताना टीव्हीचा आवाज वाढवला.

२० एप्रिल

प्रीतम आलाय. न कळवता. एकटाच, सूनबाईला, मिनलला, सुट्टी नाही म्हणे. वाळलाय. दाढी वाढवलीय, ती फॅशन असेल. आल्यापासून झोपतोच आहे. पुण्याच्या त्या ऑफिसात पोरांना पिळून काढतात वाटतं.

संध्याकाळी गाडी घेऊन गेला, पार कोराडीच्या तळ्यापर्यंत जाऊन आला. एकदाही बंद पडली नाही. किल्ली टेबलावर ठेवली आणि बापाकडे न बघता म्हणाला, गाडीत काही खराबी नाही.

रविंद्र म्हणाला, "तू संध्याकाळी नेली. दुपारी ने."

"दुपारी ४४ डिग्रीत कोण नेते बाबा गाडी?"

"मी नेतो."



२१ एप्रिल

प्रीतम परत गेला. जाण्याआधी गच्चीवर नेऊन मला सगळं सांगून गेला. गाडी विका. घर भाड्याने द्या. जूनच्या आत दोघं पुण्याला या, एक खोली रिकामीच आहे. तिथे चांगला मेंदूचा डॉक्टर आहे, बाबांना दाखवू. "उद्या ते रस्ता विसरले, ट्रकखाली आले, तं मी काय करू आई?" डोळ्यात पाणी होतं त्याच्या. हट्ट करणारा मुलगा नाही तो. म्हणून जास्त घाबरले.

मी म्हटलं, मे महिन्यापर्यंत थांब. गाडीचाच दोष निघाला तर आम्ही इथेच राहणार. नाही निघाला तर... पुढचं वाक्य मी पूर्ण केलं नाही, त्याला ते कळलं.

प्रीतमच्या त्या अकराव्या मजल्यावर मी काय करणार? तिथे खाली उतरून भाजीवाल्याशी भांडताही येत नाही, भाजी फोनवर येते. पण ते जाऊ दे. रविंद्रला गोपाळरावांसारखं झालं असेल तर मी अकराव्या काय, एकविसाव्या मजल्यावरही जाईन.

२३ एप्रिल

मी त्याच्यावर पाळत ठेवते आहे. लिहायलाही लाज वाटते.

सकाळी सहज विचारल्यासारखं विचारलं, आपण दीक्षाभूमीवर त्या वर्षी गर्दीत हरवलो होतो तेव्हा प्रीतम कितीचा होता? बरोबर सांगितलं. मिनलच्या वडिलांचं नाव? बरोबर. काल काय भाजी होती? थांबला. दोडके, मग म्हणाला. बरोबर, पण थांबला! आता दोडक्याची भाजी कोणाच्या लक्षात राहते, हे मला कळतं. तरी दिवसभर तो थांबलेला क्षण डोक्यातून जाईना.

संध्याकाळी कुंड्यांना पाणी घालत होते, मागून म्हणाला, "माही परीक्षा घेऊन राहिली काय वं?"

मी नाही म्हटलं.

"घे. पण पास झालो तं सांगत जा. नाही तं मले वाटते, मी नापासच होऊन राहिलो."

आत येऊन रडले. नळ सुरू ठेवून.

२४ एप्रिल

डोकं थंड झाल्यावर माझ्या जुन्या नोकरीतलं काही आठवलं. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये असताना ग्राहक तक्रार करायचे — फोन कधी लागतो, कधी लागत नाही. लाइनमन जायचा, फोन छान चालायचा, तो 'दोष नाही' लिहून परत यायचा. ग्राहक खोटा ठरायचा. आमच्या सुपरवायझर यमुताई भडकायच्या. म्हणायच्या, बिघाड पाहायचा तर बिघाडाच्या वेळी हजर राहा. माणूस खोटं बोलतो असं तोवर म्हणू नका.

अंकुशने सकाळी पाहिली. प्रीतमने संध्याकाळी. गोविंदाने तासाभराने. बंद पडली त्या मिनिटाला रविंद्रशिवाय कोणीच नव्हतं!

ठरलं. उद्यापासून मी मागे बसणार. दुपारी.

२५ एप्रिल

ऊन लागू नये म्हणून कांदा पर्समध्ये, पाण्याची बाटली, तोंडाला ओला दुपट्टा, वर गॉगल. डाकूच दिसत होते. रविंद्र म्हणाला उन्हात मरशील. म्हटलं मग दोघंही मरू, पुण्याला जावं लागणार नाही.

आणि गाडी काय चालली म्हणून सांगू! कामठीला गेली, सिंधूताईंकडे आम्ही रसरशीत टरबूज खाल्लं, परतही आली. आभाळ आलं होतं ना, ऊनच नव्हतं. पडली नाही बंद.

नवऱ्याची गाडी नीट चालली म्हणून कोणा बाईला एवढं वाईट वाटलं नसेल.

२६ एप्रिल

पुन्हा आभाळ. चार थेंब. नागपूरच्या उन्हाळ्याला नको तेव्हाच कीव येते.

२९ एप्रिल

बंद पडली!!

खैरीच्या अलीकडे. ऊन असं की डांबर चपलेला धरत होतं. आधी दोन झटके, मग फट्ट, मग काही नाही. गाडी घरंगळत रसवंतीसमोर थांबली. रविंद्र मागे वळून माझ्याकडे असा बघतो, जसं त्यानेच काही चोरलंय. मी उतरले आणि म्हटलं, मारा किक.

मारली. मारली. मारली. कॉक सुरू — मी स्वतः हात लावून पाहिला. स्विच सुरू. टाकीत पेट्रोल, हलवून पाहिलं. मग त्याने प्लग काढला, वायरच्या टोपणात बसवला आणि इंजिनच्या लोखंडाला टेकवला. किक मारली की प्लगच्या टोकाला निळी ठिणगी पडायला पाहिजे, असं त्याने सांगितलं. उन्हात दिसणार कशी? मी पदर धरून सावली केली, डोकं आत घातलं. किक. काळोख. किक. काळोख. ठिणगीच नाही!

"दिसली काय?" त्याने विचारलं.

"नाही," मी म्हटलं आणि हसायला लागले. रस्त्यावर. रसवंतीवाला बघतोय, ट्रकवाले बघतायत, आणि मी प्लग हातात घेऊन हसतेय. ठिणगी नाही! म्हणजे गाडीत नाही! त्याच्या डोक्यात सगळ्या आहेत!

त्याला काही कळेना. मग कळलं. मग तो खाली दगडावर बसला आणि डोक्यावरची टोपी काढून तोंडावर धरली. बराच वेळ काढली नाही.

रस प्यायलो. तेवढ्यात गाडी थंड झाली, प्लगला टपोरी निळी ठिणगी पडायला लागली. एका किकमध्ये चालू. गोविंदा, ये आता!

घरी येऊन लगेच प्रीतमला फोन केला. दुपारचे तीन, म्हटलं उचलणार नाही, ऑफिसात असेल. पहिल्याच रिंगला उचलला. सगळं सांगितलं. त्याचं म्हणणं, असं एकदा पाहून काही सिद्ध होत नाही. खरा दोष सापडून दुरुस्त झाला तर बघू. एवढा का अडून बसलाय हा? बरं. आम्ही दोघं शोधून दाखवतो.

आज झोप लागेल.

१ मे

झोप लागतेय आणि तोंडातून गाणीही येतायत. रविंद्र अंगणात पोतं पसरून बसलाय. ठिणगी तीन ठिकाणी अडू शकते, त्याने मला शिकवलं. एक पॉइंट — चकतीमागचे दोन चिमुकले ओठ, उघडतात आणि मिटतात. दोन, कंडेन्सर, बोटाच्या पेराएवढी डबी. तीन, कॉइल, टाकीच्या खाली. गरम झाल्यावर मरतं म्हणजे बहुतेक कंडेन्सर, असं त्याचं मत. पॉइंट पॉलिश पेपरने घासले, फट जुन्या ब्लेडने मोजली, कंडेन्सर नवा टाकला.

मी बाजूला बसून सांडगे घालत होते. मध्येच म्हणाला, प्लग धर. मी धरला, त्याने किक मारली, कोपरापर्यंत झिणझिण्या! त्याने कितीतरी दिवसांनी मोठ्याने हसून घेतलं. मी शिव्या दिल्या. खूप बरं वाटलं.

३ मे

कंडेन्सर नव्हता.

त्याच रसवंतीपाशी, जरा पुढे. आज मी हसले नाही, आज मला राग आला. रविंद्र म्हणाला आता कॉइलच उरली, पण ती तर अजून चांगली आहे, तिला कधी हात लावावा लागला नाही. थांब, थंड होऊ दे.

मी म्हटलं, थांबायचं नाही. थांबलं की सगळंच थंड होतं, मग कळणार कसं कोण आजारी ते? एकट्या कॉइललाच थंड करू. ठिणगी आली तर चोर तीच.

रसवंतीवाल्याकडे गेले. त्याने पोत्यातून बर्फाचा मोठा तुकडा काढून लाकडाने फोडून दिला. तोंडाचा दुपट्टा सोडला, बर्फ गुंडाळला. रविंद्रने दाखवलं, सीटच्या बाजूने टाकीखाली हात घाल, दंडगोल डबीसारखं लागेल. लागलं. पण लोखंड नाही लागलं, रबरासारखं काही तरी लागलं. बर्फ दाबून धरला. पाणी गाडीवरून रस्त्यावर, माझ्या साडीवर. हात सुन्न झाला. बदलला, दुसरा सुन्न झाला.

"मारा."

दुसऱ्या किकला चालू!!

इंजिन तसंच तापलेलं, थंड व्हायला लागणाऱ्या नेहमीच्या अर्ध्या-पाऊण तासाचा पाव भागही झाला नव्हता. कॉइल! कॉइल! रसवंतीवाल्याने पैसे घेतले नाहीत, म्हणाला काकू मले बी पाहायचं होतं चालू होते का नाही. डबा वेळेत पोचला. भात अजून कोमट होता.

४ मे

सकाळी टाकी काढली.

कॉइलभोवती सायकलच्या काळ्या ट्यूबचा तुकडा. घट्ट, तीन वेढे, वरून टेप. रबर वितळून चिकटलेलं. आत कॉइलला वाराच मिळत नव्हता, बिचारी ब्लँकेट पांघरून उन्हात पळत होती.

पावसाळ्यात लोक गुंडाळतात तसं, कॉइलला पाणी लागू नये म्हणून. आणि मग पाऊस संपला की काढायचं असतं. हे कळलं. पण गुंडाळलं कोणी?

रविंद्रने ते सोडवून हातात घेतलं. "हे माह्यं काम नाही," म्हणाला. मग टेपची गाठ उलटीसुलटी करून पाहिली. मग माझ्याकडे बघून हळूच —

"का मीच केलं वं?"

गाडीला याच्याशिवाय कोणी हात लावत नाही. मी म्हटलं, तुम्ही नसेल केलं. माझा आवाज मलाच खरा वाटला नाही. पाच दिवसांत जमवलेलं सगळं सुख एका ट्यूबच्या तुकड्याने गेलं. दोष गाडीतच, हे खरं. पण दोष घालणारा तो असेल आणि त्याला आठवत नसेल, तर मग आम्ही आहोत तिथेच आहोत.

दुपारी जेवला नाही. गोपाळरावांचा फोटो पुसत बसला.

५ मे

मला सुचायला एक रात्र लागली, बावळट मी. मागच्या पावसात प्रीतम आला होता! आठ दिवस होता. रविंद्र तेव्हा विहाराच्या बांधकामावर जायचा, गाडी घरीच असायची.

फोन लावला. विचारलं. तिकडे एवढी शांतता की मला वाटलं लाईन कटली. एक्स्चेंजची सवय, दोनदा हॅलो म्हटलं.

"मीच केलं होतं, आई. पावसात मिसिंग करत होती. बाबाले सांगायचं राहून गेलं. मग माह्या बी ध्यानातून गेलं."

मी टाळीच वाजवली. फोन खांद्याने धरून! म्हटलं, बघ रे बाबा, विसरला कोण? मेंदूच्या डॉक्टरला कोणाला दाखवायचं? मी खूप हसले. तो हसला नाही, फक्त म्हणाला, "हाव, मले दाखवा." चिडला असेल. आपणच केलेल्या खोडीसाठी बापाला वेड्यात काढलं म्हणजे कोणीही शरमेल.

रविंद्रला ओरडून सांगितलं. तो आंघोळ करत होता. बाहेर आला तर डोळे साबणाने लाल झाले होते म्हणे.

मग जेवला. दोन दिवसांचं.

८ मे

जुन्या पार्टच्या दुकानात फिरफिर फिरून कॉइल मिळाली. नवी, खोक्यातली, पण आमच्या गाडीच्याच वयाची. दुकानदार म्हणाला, ही गाडी कोण चालवतो अजून? रविंद्र छाती काढून उभा राहिला, जसं कोणी फोटो काढतंय.

बसवली. उघडी, काही न गुंडाळता. बाराच्या उन्हात निघालो. कामठी. तिथून पुढे मौद्याच्या रस्त्याला लागलो, उगाच, कुठे जायचं म्हणून नाही. मी मागून मोजत होते, आता पडेल, आता पडेल. एका ठिकाणी त्याने मुद्दाम थांबवली, बंद केली, तापलेलीच. माझ्याकडे पाहिलं. एक किक.

परत येताना गोविंदा पानठेल्यावर उभा होता. रविंद्रने त्याच्यासमोर गाडी थांबवली, बंद केली, चालू केली आणि एक शब्द न बोलता निघून आला. मी मागून गोविंदाला हात केला.

१२ मे

बुद्धपौर्णिमा. खीर केली, सिंधूताईंना आणायला हा गाडी घेऊन गेला आणि दुपारी बारालाच गेला, अगदी मुद्दाम. त्यांचा ऑपरेशननंतरचा काळा चष्मा गेला, आता सगळं स्वच्छ दिसतं म्हणाल्या. माझ्या भिंतीवरचे डागही दिसले त्यांना! उद्यापासून स्वतः स्वयंपाक करणार आहेत. डबा बंद.

संध्याकाळी विहारात वंदना झाली. शेजारी रविंद्र बसला होता, डोळे मिटून. मी मात्र उघडेच ठेवले. बघत होते त्याला. कुठे गेला नाही, आहे इथेच. मला दुसरं काही मागायचं नव्हतं.

१४ मे

प्रीतमशी बोलणं झालं. सगळं मान्य केलं त्याने. दोष सापडला, दुरुस्त झाला, बाबांचं डोकं ठीक. "ठीक आहे आई. मंग राहा तुम्ही तिथंच." फार हळू बोलत होता. म्हटलं बरा आहेस ना? म्हणाला, झोपलो होतो.

जिंकलो! गच्चीवर जाऊन कूलरच्या टाकीत पाणी भरलं, कुंड्या धुतल्या, खाली वाकून भाजीवाल्याशी कोथिंबिरीवरून भांडले. रविंद्र खालून ओरडला, आवाज कमी कर वं, पुण्याला ऐकू जाईल.

१६ मे

आज काही झालं नाही. काही न होण्यासारखं सुख नाही. आंब्याचं पन्हं केलं. गाडी पुसून ठेवलीय, आरशात उन्हाचा कवडसा पार छतावर.

१८ मे

सकाळी मिनलचा फोन आला. जिन्यात उभी राहून बोलत होती, प्रीतमला ऐकू जाऊ नये म्हणून. त्याची नोकरी जानेवारीतच गेली. तेव्हापासून तो त्या रिकाम्या खोलीत पडून असतो. आंघोळीला उठवावं लागतं. त्या दिवशी आमच्याशी बोलला, त्यानंतर नीट जेवलेला नाही. "आई, बाबांचं निमित्त होतं. तुम्ही दोघं यावं एवढंच त्याला पाहिजे होतं. माझ्यासाठी या म्हणायला तोंड होत नव्हतं. मला त्याला एकटं सोडून ऑफिसला जायची भीती वाटते."

रविंद्रला सांगितलं. तो उठून अंगणात गेला, कार्बोरेटरची नळी काढली आणि टाकीतलं पेट्रोल डब्यात सोडायला लागला.

"गाडी रेल्वेत टाकायची तं टाकी रिकामी लागते," म्हणाला. "पोराले मांगं बसवून रोज बाहेर काढीन."

मी माळ्यावरून बॅगा काढल्या.